घड्याळातले उष्मांक

गेल्या वर्षी वाढदिवसाला मुलीने मला मनगटावर बांधायचे एक नवे घड्याळ दिले. वेळ सांगणे हे त्याचे अगदी दुय्यम काम. किती पावले चाललो, नाडीचे ठोके किती पडले आणि किती उष्मांक जाळले, हे सारे ते सांगते. सकाळी तासभर फिरून आलो की त्यावर ३१०, ३२० असा आकडा दिसायचा. एका वडापावात साधारण तीनशेच्या आसपास उष्मांक असतात असे मी कुठेतरी वाचले होते. जमाखर्च चोख बसत होता! मग फिरून परतताना कोपऱ्यावरच्या गाडीपाशी थांबायला मन कचरेना.

सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंकडे गेलो, तर वजन दोन किलोने वाढलेले आणि रक्तातली साखरही वर चढलेली. ‘फिरायला जाता ना?’ त्यांनी विचारले. मी पुराव्यादाखल मनगट पुढे केले. त्या हसून म्हणाल्या, ‘ते राहू द्या, इथे वजनकाट्यावर उभे राहा.’

मी मुकाट्याने उभा राहिलो. पण घरी येताना प्रश्न डोक्यात घोळू लागला, की हा आकडा येतो तरी कुठून? शोध घेत गेलो तो थेट अठराव्या शतकातल्या पॅरिसला जाऊन पोहोचलो.

१७८२-८३ चा हिवाळा. आंत्वान लाव्हाझिए आणि पिएर-सिमॉन लाप्लास या दोघांनी एक भांडे बनवले. आत एक गिनीपिग, त्याच्याभोवती बर्फ, आणि बाहेरची उष्णता आत शिरू नये म्हणून त्याभोवती बर्फाचा आणखी एक थर. प्राण्याच्या अंगच्या उबेने आतले बर्फ वितळणार आणि ते पाणी मोजले की उष्णता कळणार. दहा तासांत सुमारे तेरा औंस बर्फ वितळले. प्राण्याच्या श्वासातून बाहेर पडणारा कर्बवायू आणि कोळसा जळताना निघणारा कर्बवायू यांची त्यांनी तुलना केली आणि निष्कर्ष काढला, की श्वसन म्हणजे मंद ज्वलनच. आपल्या आत एक दिवा तेवत असतो, फक्त त्याची ज्योत दिसत नाही.

पुढे लाव्हाझिएने आपला सहकारी आर्मां सेगँ याच्यासोबत माणसावर प्रयोग केले. बसलेला माणूस, जेवलेला माणूस, पायाने पट्टी दाबून काम करणारा माणूस किती प्राणवायू घेतो, ते मोजले. श्रम करणाऱ्याला प्राणवायू जास्त लागतो, म्हणजे त्याचे इंधनही जास्त जळते. इथे लाव्हाझिएला एक गोष्ट खटकली. ज्या गरिबाला हाताने राबावे लागते त्याला अन्न जास्त हवे आणि नेमके त्याच्याच ताटात ते कमी असते. उष्मांकाच्या इतिहासातला हा पहिला सामाजिक प्रश्न म्हणायला हरकत नाही. १७९४ मध्ये क्रांतीच्या धामधुमीत लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला आणि काम अर्धवट राहिले.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यातल्या मिडलटाऊन गावी, विल्बर अॅटवॉटर या प्राध्यापकाने माणूस मावेल एवढी मोजणीची खोलीच बांधली. सुमारे सात फूट लांब, चार फूट रुंद. भिंती दुहेरी, उष्णता वाहून नेण्यासाठी आत पाण्याच्या नळ्या. एक माणूस त्यात काही दिवस राहायचा. जेवण एका लहान खिडकीतून आत जायचे आणि शरीरातून जे जे बाहेर पडे ते सगळे मोजले जायचे, अगदी श्वाससुद्धा. आत पायाने फिरवायची सायकलही होती. अन्नातून आत गेलेली ऊर्जा आणि बाहेर पडलेली ऊर्जा यांचा हिशेब सरासरी एक टक्क्याच्या आत जुळला. अॅटवॉटरलाही लाव्हाझिएसारखीच चिंता होती, की कामगाराच्या तुटपुंज्या मजुरीत पुरेसे पोषण कसे बसवावे.

म्हणजे अचूक मोजणी शक्य आहे. पण त्यासाठी माणसाला खोलीत कोंडावे लागते! मग सोपे मार्ग निघाले. एक लिटर प्राणवायू वापरला की शरीरात सुमारे पाच उष्मांक खर्च होतात, हे कळल्यावर श्वास मोजणे पुरेसे ठरले. इंग्लंडमधल्या सी. जी. डग्लस यांनी १९११ मध्ये पाठीवर बांधायची पिशवी काढली. चालणाऱ्याने उच्छ्वास तिच्यात सोडायचा. १९१९ मध्ये हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी १३६ पुरुष आणि १०३ स्त्रिया यांच्या मोजण्यांवरून एक सूत्र बसवले. वय, उंची, वजन सांगा, स्वस्थ पडून असताना तुमचे शरीर किती जाळते ते सूत्र सांगेल. अशी सूत्रे आजही वापरात आहेत.

माझ्या घड्याळाची वंशावळ ही अशी आहे. पण घड्याळ माझा श्वास मोजत नाही, अंगातून निघणारी उष्णताही मोजत नाही. ते फक्त हाताची हालचाल टिपते आणि त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून नाडी ओळखते. त्यात माझे वय, वजन घालून एका सूत्राने अंदाज बांधते. नाडी तर उन्हानेही वाढते, कडक चहानेही आणि मागे कुत्रे लागले तरी वाढते. त्या प्रत्येक वेळी श्रम तेवढेच वाढले असे थोडेच असते?

शिवाय सूत्र बसवले जाते सरासरी माणसावर. आपल्याकडच्या तज्ज्ञांना हे पूर्वीच जाणवले होते. परदेशी सूत्रे भारतीयांच्या बाबतीत जास्त आकडा देतात, हे लक्षात घेऊन भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञगटाने १९९० च्या सुमारास त्यांत पाच टक्के कपात धरली.

२०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी साठ माणसांच्या मनगटांवर सात प्रकारची साधने बांधून त्यांना चालायला, पळायला, सायकल चालवायला लावले आणि त्यांच्या श्वासाशी ताळा करून पाहिला. सातांपैकी सहा साधनांनी नाडी पाच टक्क्यांच्या आत बरोबर सांगितली. उष्मांकांत मात्र सर्वांत चांगले साधनही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. त्यानंतर घड्याळे सुधारली, पण मूळ अडचण तीच आहे. जे मोजता येत नाही, ते जे मोजता येते त्यावरून ताडायचे.

मग मी कागद-पेन्सिल घेतली. माझे वजन ७० किलो. बसल्या जागी माणूस किलोमागे तासाला साधारण एक उष्मांक जाळतो आणि बेताच्या चालीने चालताना सुमारे साडेतीन. म्हणजे तासाभरात २४५. पण त्यातले ७० तर मी घरी खुर्चीत बसूनही जाळलेच असते. फिरण्याची खरी कमाई १७५. हाही अंदाजच, पण घड्याळ दाखवत होते ३१०. या फरकातूनच माझा अर्धा वडापाव रोज फुकट जमा होत होता.

घड्याळ मी टाकून दिलेले नाही. काल किती चाललो, आज किती, ही तुलना ते बऱ्यापैकी करते आणि आळसावलेल्या सकाळी घराबाहेरही काढते. फक्त त्याच्या भरवशावर खायचे नाही, एवढा नियम मी केला आहे. मधुमेही मंडळींनी तर तो जरूर करावा.

लाव्हाझिए आणि अॅटवॉटर यांनी हा हिशेब मांडला तो राबणाऱ्याला पुरेसे मिळते का, हे पाहण्यासाठी. मी तो मांडत होतो आणखी एक वडापाव खाण्याची सबब म्हणून. आता गाडीवरून पुढे जाताना समोरच्या बांधकामावर विटा वाहणाऱ्या बाया दिसतात. त्यांच्या मनगटावर घड्याळ नाही. किती उष्मांक जाळले हे त्यांना कुणी सांगत नाही आणि त्यांच्या डब्यात तेवढे असतात का, हेही कुणी विचारत नाही. लाव्हाझिएचा प्रश्न तिथे अजून उभा आहे.