दुष्काळ, प्लेग आणि स्तुती : मराठी ख्रिस्ती श्रद्धेच्या कसोटीचा काळ (१८९६ ते १९०५)

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात महाराष्ट्रावर दुष्काळ आणि प्लेग ही दोन अरिष्टे जवळजवळ एकाच वेळी कोसळली. या काळाचा राजकीय व आर्थिक इतिहास मोठ्या प्रमाणावर लिहिला गेला आहे. दुष्काळी कामे, प्लेग प्रतिबंधाची जुलमी अंमलबजावणी, रँडचा वध, लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा खटला हे विषय अभ्यासकांना सुपरिचित आहेत. तथापि, या अरिष्टांना सामोऱ्या जाणाऱ्या माणसांच्या धर्मजीवनाकडे तुलनेने कमी लक्ष दिले गेले आहे. त्यातही संख्येने लहान असलेला मराठी ख्रिस्ती समाज बहुधा मिशनांच्या इतिहासातील एक पोटविषय म्हणूनच येतो.

या समाजाने संकटकाळात आपली श्रद्धा कशी टिकविली आणि भोवती मृत्यू असताना देवाच्या स्तुतीला कोणता अर्थ दिला, याचा विचार प्रस्तुत निबंधात पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या कार्याच्या आधारे केला आहे. या काळातील मराठी ख्रिस्ती स्तुती दुःखाचा विसर पाडणारी नव्हती, ती सेवेशी आणि सत्यकथनाशी जोडलेली होती आणि त्यामुळेच ती टिकली, असे येथे प्रतिपादन केले आहे.

विलाप आणि स्तुती : बायबलमधील परंपरा

संकटात देवाची स्तुती करणे म्हणजे वस्तुस्थितीकडे पाठ फिरविणे, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. बायबलची परंपरा मात्र वेगळी आहे. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांमध्ये विलापाची स्तोत्रे सर्वाधिक आहेत, ही बाब हर्मान गुंकेल या जर्मन अभ्यासकाच्या वर्गीकरणानंतर सर्वमान्य झाली. या स्तोत्रांतील भक्त देवाला जाब विचारतो, तक्रार मांडतो आणि त्यानंतरच बहुतेक वेळा स्तुतीकडे वळतो. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तर तो वळतही नाही. ते स्तोत्र अंधारातच संपते आणि तरीही ते उपासनेच्या ग्रंथात समाविष्ट आहे.

हबक्कूक संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. अंजिराला बहर नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, अशा स्थितीतही देवाच्या ठायी आनंद मानण्याचा निश्चय तेथे व्यक्त झाला आहे. हे चित्र दुष्काळाचेच आहे. दख्खनच्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

अरिष्टांची पार्श्वभूमी

१८७६ ते १८७८ च्या महादुष्काळातून दख्खन पुरते सावरते न सावरते तोच १८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातही त्याची तीव्रता मोठी होती. त्यानंतर १८९९-१९०० चा दुष्काळ आला. तो गुजरात व राजपुताना भागात विक्रम संवत १९५६ वरून ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला गेला. दरम्यान सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले आणि काही महिन्यांतच रोग पुण्यात पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग प्रतिबंधक कायदा अमलात आला. घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण आणि छावण्या यांमुळे लोकांना रोगाइतकीच रोगप्रतिबंधाचीही दहशत वाटू लागली.

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यात १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे कार्य चालू होते. या मिशनच्या मंडळ्यांतील बहुसंख्य सभासद महार व मांग समाजांतून आलेले होते. शेतमजुरी व गावकीची कामे यांवर पोट असलेल्या या कुटुंबांना दुष्काळाची झळ सर्वांत आधी बसे. म्हणजेच येथील ख्रिस्ती समाज दुष्काळपीडितांना मदत करणारा होता, त्याचप्रमाणे तो स्वतःही दुष्काळपीडित होता. ही दुहेरी स्थिती लक्षात घेतल्याशिवाय त्याच्या श्रद्धेचे मूल्यमापन करता येत नाही.

रमाबाई : उपासमारीतून आलेली श्रद्धा

पंडिता रमाबाई (१८५८ ते १९२२) यांच्या दृष्टीने दुष्काळ हा केवळ दयेचा विषय नव्हता. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण यांचा थोड्या काळात अंत झाला. पुराणे वाचून उदरनिर्वाह करणाऱ्या या कुटुंबाने तीर्थयात्रा, दाने व व्रते यांत जवळचे सर्व काही खर्च केले होते. अंगमेहनत वा भिक्षा हा मार्ग त्यांना प्रतिष्ठेच्या कल्पनेमुळे बंद होता. या दिवसांचे वर्णन रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात केले आहे. पूर्ण निष्ठेने केलेल्या उपासनेनंतरही भूक शमली नाही, या अनुभवाने त्यांची पहिली श्रद्धा ढासळली. त्यांच्या पुढील धार्मिक वाटचालीचे मूळ येथे आहे.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु नवा धर्म स्वीकारतानाही त्यांनी आपली विवेकबुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नाही. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार अशा प्रश्नांवर अँग्लिकन धर्मगुरुवर्गाशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार याची साक्ष देतो. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या आसपास, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला पण ख्रिस्त आपल्याला अद्याप गवसला नव्हता, अशा आशयाची जाणीव त्यांना झाली. म्हणूनच १८९६ चा दुष्काळ आला तेव्हा त्यांच्याजवळ असलेली श्रद्धा दुःखाला न पाहिलेली कोवळी श्रद्धा नव्हती. ती एकदा मोडून पुन्हा उभी राहिलेली होती.

मुक्ती आणि प्लेगविषयक पत्र

१८९६-९७ मध्ये रमाबाई मध्य प्रांतातील दुष्काळी भागात गेल्या. निराधार मुली व तरुण विधवा दलालांच्या हाती पडत असल्याचे त्यांनी पाहिले आणि अशा शेकडो जणींना त्या आपल्याबरोबर घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे शारदा सदनमध्ये नव्या मुली ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. परिणामी पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय करावी लागली. ‘मुक्ती’ या संस्थेचा प्रारंभ असा झाला. १९०० मधील गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

येथील दिनक्रमात प्रार्थना व भजन यांना मध्यवर्ती स्थान होते. मात्र त्यांच्याच जोडीला विणकाम, तेलघाणा, शेती, छापखाना, शिक्षण यांची व्यवस्था होती. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्याचे काम रमाबाईंची कन्या मनोरमा यांनी केले. आपल्या आईवडिलांची उपासमार पाहिलेल्या रमाबाईंनी श्रम आणि स्तुती यांची फारकत होऊ दिली नाही, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. अंगमेहनत अप्रतिष्ठेची मानणाऱ्या कल्पनेने ज्यांच्या कुटुंबाचा बळी घेतला, त्यांनीच श्रमाला उपासनेच्या शेजारी बसविले.

ही स्तुती सत्तेपुढे मान तुकविणारीही नव्हती. मे १८९७ मध्ये रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात प्लेगच्या रुग्णालयातील व विलगीकरणातील स्त्रियांच्या दुरवस्थेविषयी पत्र लिहिले. आपल्या संस्थेतील एका मुलीच्या बाबतीत घडलेला प्रकार त्यात मांडला होता. या तक्रारीचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत उमटले आणि मुंबई सरकारने त्यांचे म्हणणे खोडून काढण्याचा प्रयत्न केला. ख्रिस्ती झालेली स्त्री राज्यकर्त्यांची पाठराखण करील, या तत्कालीन अपेक्षेला या पत्राने छेद दिला. विलापाच्या स्तोत्रांतील धिटाईने सरकारलाही जाब विचारता येतो, हे त्यातून दिसून आले.

‘पोटासाठी धर्म’ हा आक्षेप

दुष्काळातील ख्रिस्ती कार्यावर अन्नाच्या आमिषाने धर्मांतर केल्याचा आक्षेप त्या काळीही घेतला गेला. तो गंभीर आहे आणि केवळ विरोधकांचा कांगावा म्हणून त्याची वासलात लावता येत नाही. शारदा सदनमधील मुलींवरील धार्मिक प्रभावाच्या प्रश्नावरून न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळाच्या सभासदांनी १८९३ मध्येच संस्थेशी संबंध तोडला होता. भुकेल्या मुलाला अन्न देणारा हात आणि प्रार्थना शिकविणारा हात एकच असेल, तर त्या मुलाची श्रद्धा कितपत स्वतंत्र मानावी, हा प्रश्न उरतोच.

तथापि, या आक्षेपात एक मर्यादाही आहे. भुकेल्या माणसाला फक्त पोट असते, मन नसते, असे तो गृहीत धरतो. दुष्काळ ओसरल्यावर अन्नछत्रे बंद झाली, तरी अनेक मंडळ्या टिकून राहिल्या. ज्यांना गावच्या देवळात प्रवेश नव्हता, त्यांना देवाच्या नावाने एकत्र बसून मोठ्याने गाता येऊ लागले. ही बाब अन्नाच्या हिशेबात बसणारी नाही. स्तुती हा येथे माणूसपणाचा हक्क बजावण्याचाही प्रकार होता.

१९०५ चे पुनरुज्जीवन

दुष्काळ सरला तरी अनाथपण सरले नव्हते. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुक्तीतील स्त्रियांना नित्य विशेष प्रार्थनेसाठी एकत्र येण्याचे आवाहन केले. प्रारंभी सुमारे सत्तर जणी येत, पुढे ही संख्या कित्येक पटींनी वाढली. जूनच्या अखेरीस तेथे जे पुनरुज्जीवन घडले, त्यात सामुदायिक पश्चात्ताप, अश्रू, सर्वांनी एकाच वेळी मोठ्याने केलेली प्रार्थना आणि उत्स्फूर्त गायन यांचा समावेश होता. आईवडील डोळ्यांदेखत गमावलेल्या मुलींचा दडपलेला शोक येथे प्रथमच सार्वजनिक उपासनेत व्यक्त झाला, असे म्हणणे अवाजवी ठरणार नाही.

काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांना हा प्रकार अतिरेकी वाटला. रमाबाईंनी मात्र भारतीय स्त्रियांना आपल्या रीतीने देवाची उपासना करू द्यावी, अशी भूमिका घेतली. पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम म्हणून लॉस एंजेलिसमधील १९०६ च्या अझूसा स्ट्रीट येथील सभांचा निर्देश केला जातो. मुक्तीतील घटना त्यापूर्वीची असल्याने, या चळवळीचा इतिहास केवळ अमेरिकाकेंद्री ठेवता येत नाही, हे अलीकडील अभ्यासकांनी निदर्शनास आणले आहे.

नारायण वामन टिळक : स्तुतीची मराठी भाषा

संकटात सुचेल असे गाणे माणसाच्या स्वतःच्या भाषेतले आणि चालीतलेच असावे लागते. सुरुवातीची अनेक मराठी ख्रिस्ती गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती व त्यांच्या चालीही परक्या होत्या. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी अहमदनगर भागात कीर्तनाचा अवलंब करून देशी रीतीचा मार्ग दाखविला. या मार्गाला काव्याचे बळ दिले ते टिळकांनी (१८६१ ते १९१९).

१० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतल्यामुळे टिळकांना स्वकीयांपासून दूर व्हावे लागले. पत्नी लक्ष्मीबाई यांच्यापासूनही काही वर्षे ताटातूट झाली. म्हणजे अरिष्टांचा हा काळ त्यांच्या व्यक्तिगत आयुष्यातीलही कसोटीचा काळ होता. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. वारकरी संतांच्या अभंगांत देवाशी भांडण आहे, आळवणी आहे, विरहाची तळमळ आहे. हिब्रू विलापस्तोत्रांतील भाव मराठीत आणण्यासाठी अभंग हा तयार साचा टिळकांना वारशानेच मिळाला होता. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची शंभराहून अधिक गीते आहेत. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये या काळाच्या आठवणी ज्या नितळ विनोदबुद्धीने सांगितल्या आहेत, तीही श्रद्धेचीच एक जात मानावी लागेल.

समारोप

रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू व ग्रीक मूळ ग्रंथांवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. सामान्य स्त्रियांना समजेल अशी सोपी भाषा असावी, हा त्यांचा आग्रह होता. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा यांचा मृत्यू झाला. त्या दुःखातही रमाबाईंनी हे काम पूर्ण केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. मुक्तीच्या छापखान्यात हे बायबल १९२४ मध्ये छापून झाले. ज्या मुली दुष्काळातून आल्या होत्या, त्यांच्याच संस्थेतून विलापाची ही सारी स्तोत्रे मराठीत बाहेर पडली.

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, या काळातील स्तुतीने विलापाला जागा नाकारली नाही. दोन, ती अन्न, श्रम, शिक्षण व अन्यायाचा निषेध यांपासून अलग राहिली नाही. तीन, तिने स्वतःची भाषा व चाल शोधली. १८९७ चा साथरोग कायदा २०२० मध्ये कोविडच्या साथीत पुन्हा वापरला गेला आणि प्रार्थनास्थळांची दारे काही काळ बंद झाली, तेव्हा श्रद्धावंतांपुढे हाच जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. केडगाव व अहमदनगरच्या इतिहासाने त्याचे जे उत्तर दिले, ते ख्रिस्ती समाजापुरते मर्यादित नाही. दुःख आधी खरेपणाने सांगावे, शेजाऱ्याच्या ताटात काही आहे का ते पाहावे आणि मग गावे. या क्रमाने आलेली स्तुती संकटात खोटी ठरत नाही.