उतारावरील जोडा



कुडाळाहून बेळगांवास जावयाचें तर सावंतवाडी मागें टाकून आंबोलीचा घाट चढावा लागतो. चढतांना इंजिनाची परीक्षा होते, उतरतांना ब्रेकची. या ब्रेकचें अस्तर झिजलें म्हणजे त्याच्या जागीं चालक जो माल बसवितात, त्याची हकीकत आज आपणांस सांगावी असें योजिलें आहे. मी शाळामास्तर, गाडी चालविणें मला कधींच साधलें नाहीं. परंतु चालकांच्या शेजारीं बसून ऐकलें पुष्कळ आहे.

मूळ कारखान्याचा माल तेवढा खरा आणि बाहेरचा खोटा, अशी आपली समजूत असते. इतिहास पाहतां, ब्रेकचें अस्तर हाच मुळीं बाहेरचा माल आहे. इंग्लंडांतील डर्बीशायरच्या डोंगराळ मुलुखांत गाडीवान चाकावर दाबावयाच्या लांकडी ठोकळ्यांस जुन्या जोड्यांचें चामडें ठोकीत, कारण नुसतें लांकूड घसरे, असें सांगतात. तें पाहून हर्बर्ट फ्रूड यानें १८९७ सालीं अधिक चांगल्या अस्तराचे प्रयोग आरंभिले. 'फेरोडो' हें नांव त्याच्याच नांवाच्या अक्षरांतून निघालें. सुती अस्तर मोटारीच्या उष्णतेनें करपूं लागलें, तेव्हां १९०८ मध्यें त्यानें अ‍ॅस्बेस्टॉस योजिलें.

अ‍ॅस्बेस्टॉस जळत नाहीं, या एका गुणासाठीं जगानें त्याचे अवगुण कित्येक दशकें पोटांत घातले. पोटांत कसले, फुप्फुसांत! माझ्या तरुणपणीं मिस्त्री ड्रम उघडून तोंडानें फुंकर मारी, आणि ती करडी धूळ भोंवतीं उभ्या असलेल्या आम्हां सर्वांच्या अंगावर उडे. त्या धुळीनें कर्करोग होतो, हें फुंकर मारणाऱ्यास कोणीं सांगितलें होतें? ब्रिटननें पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवरहि बंदी घातली, ती १९९९ मध्यें.

चकतीच्या ब्रेकचें पेटंट लँचेस्टर यानें १९०२ सालींच घेतलें होतें. परंतु १९५३ मध्यें ल मान्सच्या शर्यतींत तसे ब्रेक लावलेली जॅग्वार पहिली आली, तेव्हां कोठें त्याचें नांव झालें. आज साध्या मोटारीच्या पुढील चाकांसहि ही चकती असते. चालक तिला डिस्क म्हणतात, आणि तिला दोहों बाजूंनीं चिमटणाऱ्या तुकड्यांस पॅड.

या चिमट्यावर पडणारा भार केवढा? हजार किलोची गाडी सहाशें मीटर खालीं उतरली आणि सारें काम ब्रेकनेंच केलें, तर तेवढ्या उष्णतेनें सुमारें वीस लिटर पाणी उकळीस येईल. म्हणून जाणते चालक खालचा गियर टाकून इंजिनालाच गाडी धरावयास लावतात.

आमच्या आळींतील एका चालकानें एकदां नामांकित कारखान्याच्या डब्यांतले पॅड निम्म्या किमतींत आणून बसविले. मिस्त्री म्हणाला, "पॅड बसायला वेळ लागतो, करकरतील जरा." ते करकरलेहि नाहींत. आठवड्याभरानें आषाढाच्या पावसांत तो तीन उतारू घेऊन आंबोलीहून उतरत होता. प्रथम करपल्याचा वास आला. मग पेडल दगडासारखें घट्ट लागे, पण गाडी थांबेना. पॅडमधील राळ तापून तिचा वायु झाला म्हणजे पकड अशीच सुटते. त्यानें गाडी दुसऱ्या गियरमध्यें टाकून डोंगराच्या बाजूच्या गटारांत घातली. पत्रा फाटला, माणसें वांचलीं.

तेव्हांपासून तो बाहेरचा माल घेतच नाहीं, असें मात्र नव्हे. मोटारींच्या कारखान्यांस पॅड पुरविणारेच पुष्कळदां स्वतःच्या नांवानें तोच माल बाजारांतहि विकतात, हें त्याला ठाऊक आहे. आतां तो दुकान पाहून घेतो, पावती मागतो. डिस्कवर बोट फिरवून चरे पाहतो. आमच्या खाऱ्या, दमट हवेंत रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज चढतो, तो पहिल्या दोनचार ब्रेकांत घासून जातो. चरे जात नाहींत.

ते जुने पॅड त्यानें फडताळांत ठेविले आहेत. मीं ते हातांत घेऊन पाहिले. घासणारी बाजू कांचेसारखी गुळगुळीत झाली होती.