उंबऱ्याच्या आतला इतिहास



परवा आम्ही आमच्या बचत गटाची जुनी वही चाळत होतो. मार्च २०२० ची बैठक लिहिलेली आहे. हजेरी, बचत, कोणाचा हप्ता आला, कोणाचा राहिला, सगळं आहे. त्यानंतरची चार पानं कोरी. जणू त्या महिन्यांत काही घडलंच नाही. म्हणून आज त्या कोऱ्या पानांविषयी बोलू या.

आधी थोडं मागे जाऊ. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, पुढच्या वर्षी ती पुण्यात पसरली. १८९७ मध्ये इंग्रज सरकारने साथरोगांचा कायदा केला. पुण्यात गोरे सोजीर रोगी शोधायला थेट माजघरापर्यंत शिरले, घरातलं सामान बाहेर काढून जाळलं. गावोगावी लोक घरं सोडून शेतात झोपड्या घालून राहिले. त्याच साथीत रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

तोच १८९७ चा कायदा आपल्या राज्याने मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी लागू केला. फरक एवढाच, की प्लेगमध्ये माणसांना घराबाहेर काढलं होतं आणि कोरोनात घरातच बसवलं. बावीस मार्चला जनता कर्फ्यू झाला. चोवीसच्या रात्री आठ वाजता टाळेबंदीची घोषणा झाली आणि पंचवीसला, ऐन गुढीपाडव्याला, सगळं थांबलं. सांगितले होते २१ दिवस, पण ती वाढत वाढत ३१ मेपर्यंत गेली.

सगळं थांबलं म्हणतो खरं, पण चूल थांबली का? उलट दोन वेळची चूल दिवसभर पेटती राहिली. पुण्या-मुंबईहून दीर-जाऊ, पोरंबाळं आली. त्यांना आधी शाळेत चौदा दिवस ठेवलं, तिथे डबा कोणी पोचवला? आपणच. चार माणसांच्या घरात नऊ झाली. चहा चारदा, हंडे दुप्पट. आठवडी बाजार बंद, मजुरी बंद. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळालं, बाईच्या जनधन खात्यात तीन महिने ५०० रुपये आले. त्याच पैशात तेल-मीठ भागवलं. कितीतरी गटांनी मास्क शिवले. आशाताई तर घरोघर फिरून कोणाला ताप आहे, बाहेरून कोण आलं, याच्या नोंदी करत होत्या. काही दारांत त्यांना बोलणीही खावी लागली.

चांगलंही घडलं, ते लपवायचं नाही. काही घरांत नवऱ्याने पहिल्यांदा पाणी भरलं. सकाळी टीव्हीवर पुन्हा रामायण लागलं आणि सासू-सून एकत्र कुरडया घालता घालता बघू लागल्या. वर्षानुवर्षं न भेटलेली भावंडं एका ताटात जेवली.

पण एक गोष्ट आम्हाला आजही टोचते. बाईला सासरी फार झालं, की ती काय करते? चार दिवस माहेरी जाते. तेवढाच तिचा श्वास. त्या वर्षी माहेरचा रस्ताच बंद होता. जिल्हा ओलांडायला पास हवा. जिल्ह्याबाहेर जाणारी एस.टी. सुरू झाली ती २० ऑगस्टला, म्हणजे राखीपौर्णिमाही उलटून गेल्यावर. मारणारा घरात, शेजारीण दाराआड, आणि फोन नवऱ्याच्या खिशात. अशा बाईने कोणाला सांगायचं? त्या काळात राष्ट्रीय महिला आयोगाकडे घरातल्या मारहाणीच्या तक्रारी वाढल्या. ज्यांना तक्रार करता आली, त्यांचीच मोजणी झाली. बाकीच्या कोऱ्या पानांत राहिल्या.

आणि मुली? शाळा मोबाईलवर आली. घरात मोबाईल एकच असला तर तो आधी कोणाच्या हातात गेला, हे तुम्हाला ठाऊक आहे. मुलगी भाकरी थापायला लागली. मे महिन्यापासून पन्नास माणसांत लग्न करायला परवानगी मिळाली. मानपान नाही, जेवणावळी नाही, खर्च कमी. मग काही घरांनी विचार केला, उरकून टाकू. अठरा पूर्ण नसलेल्या मुलीही त्यात उरकल्या गेल्या. शाळा परत उघडली तेव्हा काही बाकं रिकामी होती. त्या मुलींपैकी कित्येकींच्या कडेवर आज लेकरं आहेत.

प्लेगमध्ये घराघरात काय चाललं होतं, हे बायकांच्या तोंडून फारसं लिहून राहिलं नाही. आज कोणाला विचारावं, तर सांगणारं कोणी उरलं नाही. कोरोनाच्या बाबतीत सांगणाऱ्या आपण अजून आहोत. मग आपलं आपण का लिहू नये?

आम्ही गटात ठरवलं आहे, ती चार पानं आता भरायची. प्रत्येकीने तीन गोष्टी सांगायच्या. तेव्हा घरात किती माणसं होती आणि कामं कोणी केली? पैसा कुठून आला आणि आधी काय विकावं किंवा गहाण ठेवावं लागलं? घरातल्या मुलीचं शिक्षण पुढे गेलं की थांबलं? जिला लिहिता येत नाही तिने बोलायचं, दुसरीने लिहायचं. जिला मारहाणीचं सांगायचं असेल, तिचं नाव लिहायचं नाही, एवढी काळजी घ्यायची. आणि जिचं शिक्षण तेव्हा थांबलं, तिला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. तेवढी मदत तर गटाला करता येईलच.

तुमच्या गटाची वहीही एकदा उघडून बघा. त्या महिन्यांची पानं कोरी असतील, तर पुढच्या बैठकीत तिथूनच सुरुवात करा.