शिंपल्यांवरचा पहारा: किनाऱ्यावरच्या एका नोकरीचा इतिहास

आज राजे नाहीत, लढाया नाहीत. आज एका नोकरीचा इतिहास ऐकूया. ही नोकरी करणाऱ्याच्या पायात गमबूट असतात, हातात फावडं आणि बादली, खिशात वॉटरप्रूफ वही. पगार सरकार देतं, पण ड्यूटीची वेळ चंद्र ठरवतो. कारण पाणी ओसरल्याशिवाय कामच सुरू होत नाही.

अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, म्हणजे कॅलिफोर्निया, ऑरेगॉन, वॉशिंग्टन या राज्यांत, याला शेलफिश टेक्निशियन म्हणतात. शेलफिश म्हणजे कवचवाले जीव: शिंपले, कालवं, खेकडे, कोळंबी. हा माणूस रोज दोन प्रश्नांची उत्तरं शोधतो. एक, आज समुद्रातून निघालेलं हे खाणं सुरक्षित आहे का? आणि दोन, उद्यासाठी पुरेसं उरलंय का? प्रश्न साधे वाटतात. पण ते विचारायची सवय लागायला बरीच माणसं मरावी लागली.

एक नाश्ता, १७९३

१५ जून १७९३. ब्रिटिश कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हर यांची मोहीम आजच्या कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याचा नकाशा काढत होती. छोट्या होड्यांमधून सर्व्हे करणाऱ्या काही खलाशांनी सकाळी मसल भाजून खाल्ले. मसल म्हणजे आपल्या गोव्यात आणि मालवणात ज्यांना शिणाणे म्हणतात, त्यांचे तिकडचे भाऊबंद. थोड्याच वेळात काही जणांचे ओठ, चेहरा, हातपाय बधिर व्हायला लागले. जॉन कार्टर नावाचा खलाशी त्याच दुपारी गेला. बाकीच्यांना कोमट पाणी पाजून उलट्या करवल्या, ते वाचले. त्या जागांची नावं आजही नकाशावर आहेत: पॉयझन कोव्ह आणि कार्टर बे.

सहा वर्षांनी, १७९९ मध्ये, अलास्कात याहून भयंकर घडलं. रशियन कंपनीसाठी शिकार करणाऱ्या अल्यूट लोकांच्या तांड्याने सिटकाजवळच्या एका सामुद्रधुनीत मसल खाल्ले आणि शंभराहून जास्त माणसं मेली. त्या सामुद्रधुनीचं नाव पडलं पेरिल स्ट्रेट, म्हणजे संकटाची सामुद्रधुनी.

आता यातली खरी भीती कुठे आहे बघा. मासा सडला की वास येतो. इथे वास नाही, चव बदलत नाही, रंग बदलत नाही. शिंपला जिवंत आणि ताजा असतो. उकळा, भाजा, लिंबू पिळा, विष जसंच्या तसं राहतं.

पहिले पहारेकरी

मग किनाऱ्यावर हजारो वर्षं राहिलेले मूळ रहिवासी काय करत होते? उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पोमो लोक राहतात. त्यांच्याबद्दल शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात एक सुंदर नोंद करून ठेवलीये. उन्हाळ्यात ते रात्री समुद्रावर नजर ठेवायला माणसं बसवायचे. लाटा चमकायला लागल्या की मसल खाणं बंद, आणि लांबून आलेल्यांनाही इशारा. ही चमक सूक्ष्म जीवांची असते, आणि तिथल्या विषाचं मूळही अशाच एका चमकणाऱ्या सूक्ष्म जीवात निघालं. म्हणजे सरकारी टेक्निशियनच्या कितीतरी आधी ही ड्यूटी लागलेली होती.

(कोकणात चमकणाऱ्या लाटांचे रील्स तुम्ही पाहिलेच असतील. ती चमक बहुतेक वेळा नॉक्टिल्युका नावाच्या वेगळ्या जीवाची असते, तो हे विष बनवत नाही. तेव्हा घाबरू नका. पण दिसतं त्याची नोंद ठेवणं किती कामाचं असतं, हे लक्षात घ्या.)

कालवं, टायफॉइड आणि एक टॅग

आता अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेला जाऊ. तिथे ऑयस्टर, म्हणजे कालवं, कच्ची खायची फॅशन होती. १९२४ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क, शिकागो, वॉशिंग्टन या शहरांत टायफॉइड पसरला. सुमारे १,५०० जण आजारी, साधारण १५० मृत्यू. शोध घेतला तर धागा सांडपाण्याने खराब झालेल्या पाण्यातल्या ऑयस्टरपर्यंत पोचला.

कारण समजून घ्या. शिंपल्याचं जेवण म्हणजे पाणी गाळणं. मोठा ऑयस्टर चांगल्या परिस्थितीत दिवसाला शंभराहून जास्त लिटर पाणी गाळू शकतो. पाण्यात जे असेल ते त्याच्या पोटात साठतं, आणि आपण तो पोटासकट खातो.

लोकांनी ऑयस्टर खाणंच सोडलं, धंदा बसला. फेब्रुवारी १९२५ मध्ये सर्जन जनरल ह्यू कमिंग यांनी राज्यांचे अधिकारी आणि व्यापारी यांना एकत्र बोलावलं. त्यातून जी व्यवस्था उभी राहिली, तिचा सांगाडा आजही तोच आहे. जिथे शिंपले वाढतात ते पाणी तपासायचं. चांगल्या पाण्याला परवानगी, वाईट पाण्याला बंदी, आणि मधल्या पाण्याला अटी. जोराचा पाऊस पडला की काही खाड्या आपोआप बंद. आणि पोत्यावर टॅग: कोणी काढले, कुठून काढले, कधी काढले. हॉटेलवाल्याने तो टॅग ९० दिवस जपून ठेवायचा, म्हणजे उशिरा कोणी आजारी पडलं तरी मागे मागे जात नेमकी खाडी शोधता येते.

गंमत म्हणजे व्यापाऱ्यांनाही हे नियम हवे होते. तपासणीशिवाय गिऱ्हाईक परत येणार नव्हतं.

वीस ग्रॅमचा उंदीर

पण टायफॉइडचे जंतू आणि कार्टरला मारणारं विष, या दोन वेगळ्या गोष्टी. सांडपाण्यापासून दूर, स्वच्छ पाण्यातला मसलसुद्धा मारू शकतो. हे पुन्हा कळलं जुलै १९२७ मध्ये. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास १०२ जण आजारी पडले, सहा दगावले.

तपास आला कार्ल मेयर यांच्याकडे. मूळचे स्विस, कॅलिफोर्निया विद्यापीठात काम करणारे. त्यांचे सहकारी हर्मन सोमर यांनी विष मोजायची एक पद्धत बसवली: मसलचा अर्क काढायचा, उंदराला टोचायचा आणि घड्याळ लावायचं. २० ग्रॅमचा उंदीर १५ मिनिटांत मरेल इतकं विष म्हणजे एक 'माउस युनिट'. क्रूर वाटतं, आहेच. पण पहिल्यांदाच 'विषारी आहे' याच्या जागी 'किती विषारी आहे' असं बोलता यायला लागलं.

माझ्या मते यातला सगळ्यात मोठा शोध लॅबच्या बाहेर लागला. या लोकांनी किनाऱ्यावरच्या ठरलेल्या जागांवरून पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं मसल आणि समुद्राचं पाणी गोळा केलं. तेव्हा दिसलं की पाण्यात एक विशिष्ट सूक्ष्म जीव वाढला की मागोमाग मसल विषारी होतात, आणि तो कमी झाला की ते हळूहळू निवळतात. १९३७ मध्ये हे छापून आलं. त्या जीवाला आज अलेक्झांड्रियम म्हणतात. पुढे १९५७ मध्ये हेच विष अलास्कातल्या बटर क्लॅम नावाच्या शिंपल्यातून शुद्ध स्वरूपात काढलं, आणि त्या शिंपल्याच्या शास्त्रीय नावावरून विषाचं नाव पडलं सॅक्सिटॉक्सिन.

एका दिवशीचं सॅम्पल फक्त त्या दिवसाचं सांगतं. दर आठवड्याला, त्याच जागेवरून घेतलेलं सॅम्पल पुढच्या आठवड्याचा अंदाज देतं. टेक्निशियनची नोकरी इथेच जन्माला आली.

आज मर्यादा आहे १०० ग्रॅम मांसामागे ८० मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. ती ओलांडली की किनारा बंद. शिवाय कॅलिफोर्नियात लोकांनी स्वतः खायला मसल काढण्यावर दरवर्षी १ मे ते ३१ ऑक्टोबर बंदीच असते. वॉशिंग्टनमध्ये तर पिंजऱ्यात मसल भरून मुद्दाम पाण्यात टांगून ठेवतात. मसल विष लवकर पकडतात, म्हणून तेच पहारेकरी.

उंदीर खाजवायला लागले

नोव्हेंबर १९८७. कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडवरचे मसल खाऊन लोक आजारी पडले. शंभराहून जास्त रुग्ण, काहींचा मृत्यू. आणि लक्षण विचित्र: माणसं नुकतंच घडलेलं विसरत होती. काहींची स्मृती नंतरही नीट परत आली नाही.

नेहमीची उंदराची टेस्ट केली. उंदीर मेले, पण मरण्याआधी ते पायाने खांदा खाजवत राहिले. सॅक्सिटॉक्सिनचे उंदीर असं करत नाहीत. कोणीतरी हे लक्ष देऊन पाहिलं, म्हणून समजलं की हे विष वेगळं आहे. काही दिवसांतच शास्त्रज्ञांनी नाव सांगितलं: डोमोइक ॲसिड.

१९९१ मध्ये तेच विष पॅसिफिक किनाऱ्यावर सापडलं. कॅलिफोर्नियात पेलिकन पक्षी मरून पडले, मग ऑरेगॉन-वॉशिंग्टनच्या रेझर क्लॅममध्ये ते मिळालं. रेझर क्लॅम हे विष महिनोन् महिने धरून ठेवतो. किनारे बंद झाले. क्विनॉल्टसारख्या आदिवासी समाजांसाठी हा शिंपला जेवण आहे, कमाई आहे आणि परंपराही. बंदीचा बोर्ड म्हणजे तिन्हीला कुलूप.

२०१५ मध्ये तर कहर झाला. पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा गरम होतं आणि हे विष बनवणारी सूक्ष्म शेवाळं कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत माजली. शिंपले खाणारे डंजनेस खेकडेही विषारी निघाले. कॅलिफोर्नियातला मोठा खेकडा हंगाम नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. त्या वर्षी तो उघडायला मार्च २०१६ ची अखेर उजाडली.

कल्पना करा. होडीचं कर्ज डोक्यावर, खलाशी हात बांधून बसलेले, आणि दर थोड्या दिवसांनी एक माणूस येऊन मोजके खेकडे घेऊन जातो. रिपोर्ट येतो: अजून नाही. राग कोणावर निघणार? निर्णय राजधानीत होतो, पण धक्क्यावर दिसतो तो टेक्निशियन. त्याने सॅम्पलवर चुकीचं लेबल लावलं तर दोन गोष्टी होऊ शकतात. विनाकारण शेकडो चुली थंड, किंवा एखाद्याच्या घरात मयत.

दुसरा प्रश्न: उरलंय का?

नोकरीचा दुसरा भाग मोजणीचा. डंजनेस खेकड्याचा नियम सोपा आहे: फक्त नर, ठरलेल्या मापाहून मोठा, ठरलेल्या हंगामात. ऑरेगॉनमध्ये माप सव्वासहा इंच, पाठीच्या कवचावर. धक्क्यावर टेक्निशियन कॅलिपर लावून मोजतो आणि होडीच्या नोंदवह्या गोळा करतो. हंगामाआधी खेकडे उकडून, सोलून, वजनाच्या मानाने मांस किती भरलंय तेही बघतात. साधारण चौथा हिस्सा मांस नसेल तर हंगाम पुढे ढकलतात. उन्हाळ्यात मोठी ओहोटी पहाटे-सकाळी असते, हिवाळ्यात ती संध्याकाळी-रात्री येते. मग डोक्याला टॉर्च, समोर काळोख आणि थंड वाळू.

आणि आपल्याकडे?

हा सगळा अमेरिकेचा मामला आहे असं वाटत असेल तर थांबा. सप्टेंबर १९९७ मध्ये केरळातल्या विळिंजमला मसल खाऊन सात जणांचा मृत्यू झाला, शेकडो लोक हॉस्पिटलमध्ये गेले. कारण तेच, कार्टरचं विष. त्याआधी १९८१ मध्ये तमिळनाडूत आणि १९८३ मध्ये मंगळुरू परिसरातही या विषाने माणसं मेली होती. मंगळुरूहून वर आलं की कारवार, मग गोवा, मग सिंधुदुर्ग. अरबी समुद्र तोच.

मोजणीत मात्र आपली परंपरा दांडगी आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ मध्ये सुरू झाली. तिचे कर्मचारी देशभरातल्या बंदरांवर उभे राहून कुठली होडी काय आणि किती घेऊन आली याची नोंद करतात. याचं फळ बघायचं तर केरळातल्या कोल्लमजवळचा अष्टमुडी तलाव बघा. १९९० च्या दशकात तिथले शिंपले कमी व्हायला लागले. अभ्यास झाला, डिसेंबर ते फेब्रुवारी प्रजननाच्या काळात बंदी आली, जाळ्याच्या फटीचं माप ठरलं. मच्छीमारांनी ते पाळलं आणि शिंपले परत वाढले. २०१४ मध्ये या मासेमारीला मरीन स्ट्युअर्डशिप काउन्सिलचं प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपण शोधू शकतो हे सिद्ध झालंय. पहिल्या प्रश्नालाही तीच चिकाटी हवी: ठरलेली जागा, ठरलेला दिवस, लेबल लावलेली पिशवी, आणि दर आठवड्याला जाणारा माणूस.

जाता जाता एक कामाची गोष्ट. तिसऱ्या, खुबे, शिणाणे, कालवं खाल्ल्यावर थोड्याच वेळात ओठांना, जिभेला मुंग्या आल्या, बधिरपणा चढायला लागला तर ॲसिडिटी समजून झोपू नका. थेट हॉस्पिटल गाठा आणि काय खाल्लं ते सांगा. या विषावर उतारा नाही, पण श्वास चालू ठेवायला वेळेत मदत मिळाली तर माणूस वाचतो. आणि पुढच्या वेळी बाजारात मावशींकडून वाटा घेताना एवढं विचारा: मावशी, कुठल्या खाडीच्या? अमेरिकेतला तो पोत्यावरचा टॅग नेमकं हेच सांगतो.