काशीतील दक्षिणी बिऱ्हाडे

परमुलखातील मोठ्या नगरात जाऊन राहणाऱ्या कुटुंबाला पहिल्या पिढीत पाहुणे म्हणतात, दुसऱ्या पिढीत शेजारी म्हणतात. परंतु चौथ्या पिढीत त्यास काय म्हणावे, हा प्रश्न नगरालाही पडतो आणि त्या कुटुंबालाही पडतो. महाराष्ट्राच्या इतिहासात या प्रश्नाचे ठळक उदाहरण म्हणजे काशीक्षेत्रातील दक्षिणी पंडितांची घराणी होत.

काशी हे नुसते यात्रेचे ठिकाण नव्हते. रेशमी वस्त्रांचा व्यापार, सावकारांच्या पेढ्या आणि शेकडो विद्यार्थ्यांनी गजबजलेल्या पाठशाळा यांमुळे लक्ष्मी आणि सरस्वती या दोघींचा तेथे वास होता. अशा नगरात परक्याला जागा मिळते ती भाड्याने नव्हे, विद्येने मिळवावी लागते. पैठणचे रामेश्वरभट्ट १५२२ च्या सुमारास तेथे सहकुटुंब गेले, तेव्हा त्यांच्यापाशी भांडवल होते ते एवढेच. त्यांचा मुलगा नारायणभट्ट त्या वेळी नऊ वर्षांच्या आसपास होता. या घराण्याची हकीकत रामेश्वरभट्टांचे नातू शंकरभट्ट यांनी ‘गाधिवंशानुचरित’ नावाच्या संस्कृत ग्रंथात लिहून ठेविली आहे. जे घराणे पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच गावी नांदते, त्यास असा ग्रंथ लिहिण्याची निकड सहसा भासत नाही. आपण कोठून आलो हे लिहून ठेवावेसे वाटते ते घर सोडलेल्यांनाच.

नारायणभट्टांच्या योग्यतेविषयी दोन गोष्टी सांगितल्या म्हणजे पुरे. १५८५ च्या सुमारास काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे राहिले, ते राजा तोडरमलाच्या आश्रयाने आणि नारायणभट्टांच्या मार्गदर्शनाने. पंडितांच्या सभेत अग्रपूजेचा मान त्यांना व पुढे त्यांच्या वंशजांना मिळू लागला. ज्या नगराने आश्रय दिला त्या नगराच्या मुख्य दैवतालाच आश्रिताच्या घराने देऊळ मिळवून द्यावे, हा योग विरळा. दुसरी गोष्ट त्यांच्या ‘त्रिस्थलीसेतु’ या ग्रंथाची. प्रयाग, काशी व गया येथे यात्रेकरूने काय करावे, कोणत्या क्रमाने करावे, याचे हे विवेचन आहे. नगरात जन्मलेल्यास वाट विचारावी लागत नाही, म्हणून वाटेचे पुस्तकही तो लिहीत नाही; ते बाहेरून आलेल्याच्या हातून लिहिले जावे यात नवल नाही.

नारायणभट्टांचे नातू कमलाकरभट्ट यांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पुरा केला. व्रताची तिथी कोणती धरावी, याचा निर्णय महाराष्ट्रातील जोशी आजही त्यावरून करतात. दुसरे नातू नीलकंठभट्ट. त्यांचा ‘व्यवहारमयूख’ इंग्रजी अमदानीत न्यायालयांत प्रमाण ठरला आणि मुंबई बेट, गुजरात व उत्तर कोकण येथील हिंदूंच्या वारसाच्या तंट्यांत त्यास अग्रमान मिळाला. काशीतील एका दक्षिणी माणसाचा शब्द मुंबईतील घराच्या वाटणीपर्यंत पोहोचला होता, आणि १९५६ च्या वारसा कायद्यापर्यंत तो चालला.

येथे या घराण्यांच्या स्थितीतले मर्म दिसते. मायदेशातील लोक त्यांचे ऐकत, ते दूर राहत म्हणून. गावातील तंट्यात गावातला शास्त्री एका बाजूचा समजला जाई. काशीचा शास्त्री आपलाही असे आणि बाहेरचाही असे. १६५७ साली विश्वेश्वराच्या मुक्तिमंडपात पंडितांची सभा भरून कोकणातील देवर्षी ब्राह्मणांविषयीच्या वादावर निर्णयपत्र देण्यात आले. त्यावर सह्या करणाऱ्यांत दक्षिणी पुष्कळ होते.

पुढे बाराच वर्षांनी, १६६९ मध्ये, औरंगजेबाच्या हुकुमाने ते मंदिर पाडण्यात आले. पणजोबांनी उभारविलेले देऊळ गेले, आणि त्यानंतर पाच वर्षांनी, ६ जून १६७४ रोजी, त्याच नारायणभट्टांचे पणतू विश्वेश्वर ऊर्फ गागाभट्ट रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे अध्वर्यू झाले. दक्षिणेत शास्त्री थोडे नव्हते. पण महाराजांच्या क्षत्रियत्वाविषयी शंका काढणारे त्यांच्यातच होते. तेच गागाभट्ट पैठणास राहिले असते, तर त्यांच्या शब्दाला ते वजन खचित आले नसते.

घरात मात्र ही मंडळी दक्षिणीच राहिली. सभेत संस्कृत, बाजारात हिंदी आणि माजघरात मराठी, अशा तीन भाषा एका उंबरठ्याच्या आतबाहेर नांदत. सोयरीक दक्षिणी घरांतच होई. या घरांतील स्त्रियांविषयी ग्रंथ जवळजवळ मुके आहेत; पण मराठी टिकली ती त्यांच्याच तोंडी, असे मानल्यावाचून गत्यंतर नाही. पुरुषांच्या विद्येत तिला जागाच नव्हती.

पेशवाईत दक्षिणेचा पैसा काशीकडे वाहू लागला. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत दक्षिण्यांचे वाडे झाले. अहिल्याबाई होळकरांनी विश्वेश्वराचे आजचे मंदिर बांधविले. नागपूरकर भोसल्यांनी आपल्या नावाचा घाट बांधिला. वऱ्हाडच्या वसुलात भोसल्यांचा वाटा असे. तेव्हा वाशीम जिल्ह्यातील रिठदसारख्या गावच्या शेतकऱ्याने पिकविलेल्या ज्वारीचा काही अंश त्या पायऱ्यांच्या दगडांत गेलाच नसेल, असे म्हणवत नाही. गेला असल्यास त्याचा हिशेब त्यास कोणी दिला नाही, हेही तितकेच खरे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि या मोहल्ल्यांचा एक मोठा आधार तुटला. दुसऱ्या बाजीरावाचे धाकटे बंधू चिमाजी आप्पा काशीस जाऊन राहिले. त्यांच्या पदरच्या मोरोपंत तांब्यांची मुलगी मनकर्णिका तेथेच जन्मली, तीच झाशीची राणी. दानधर्मावर चालणारी घरे हळूहळू पगारावर आली. पुण्यास जन्मलेले गणिती बापूदेवशास्त्री १८४२ मध्ये सरकारी संस्कृत पाठशाळेत शिक्षक झाले व त्यांनी बीजगणितावर हिंदीत ग्रंथ लिहिला. दक्षिणी पंडिताने लोकभाषेत लिहावे, आणि ती लोकभाषा मराठी नसावी, हा बदल लहान नव्हे.

तो पुरा झाला बाबूराव विष्णु पराडकर यांच्या हयातीत. १८८३ साली काशीतील मराठी कुटुंबात ते जन्मले. १९२० मध्ये शिवप्रसाद गुप्त यांनी ‘आज’ हे दैनिक काढिले. त्याच्या संपादकपदी पराडकरांनी अनेक वर्षे काढिली. नावामागे इंग्रजी ‘मिस्टर’ लावण्याऐवजी ‘श्री’ लिहिण्याचा प्रघात हिंदी पत्रांत त्यांनी रूढ केला, असे सांगतात. त्यांची मातृभाषा मराठी होती. परंतु हिंदी पत्रकार त्यांना परका मानीत नाहीत, आपल्या धंद्याचा आद्य पुरुषच मानतात. १९५५ मध्ये ते वारले, ते काशीतच.