दाढीच्या डब्यातला इतिहास

गेल्या दिवाळीची आवराआवर चालू असताना माळ्यावरून पत्र्याचा एक डबा खाली आला. झाकण गंजून घट्ट बसलेलं होतं. चमच्याच्या दांड्याने उचकटलं, तर आत वडिलांचं दाढीचं सामान निघालं. निकेल जाऊन पितळ उघडं पडलेला एक जड रेझर, केस झडलेला ब्रश, तुरटीचा खडा आणि तळहाताएवढा आरसा. माझा नातू शेजारी उभा होता. त्याला नुकतीच दाढी फुटली आहे आणि पाच-पाच पात्यांच्या महागड्या रेझरने त्याच्या मानेवर पुरळ उठतं. त्याने पितळी रेझर हातात घेऊन वजन केल्यासारखा हलवला आणि विचारलं, "आजोबा, हा अजून चालेल?"

चालेल म्हटलं. न चालायला त्यात आहे काय? वरची टोपी, खालची पट्टी आणि दांडा एवढे तीनच तर भाग. पण त्याला दाढी शिकवायला बसलो आणि आधी एक गोष्ट सांगावी लागली. तीच आज तुम्हालाही सांगतो.

आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. गावात न्हावी होता. काखेत धोकटी मारून तो घरोघर जायचा. धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, निसणा आणि चामड्याचा पट्टा असायचा. पैशाचा व्यवहार थोडा, सुगीला बलुतं मिळायचं. मात्र आमच्या वस्तीकडे तो वळत नसे. आजोबांची दाढी आमची आजी करायची. कुठून तरी मिळालेल्या जुन्या वस्तऱ्याने, दगडावर घासून, साध्या पाण्याने. वडील सांगायचे, त्या दिवशी घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. आजीचा हात हलला की आजोबांच्या गालातून रक्त यायचं.

हे काही आमच्या एकट्याच्या घरातलं नव्हतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणाच्या आठवणी लिहिल्या आहेत, त्यात साताऱ्याचा हाच अनुभव आहे. साताऱ्यात न्हावी नव्हते असं नाही, पैसे द्यायची ऐपत नव्हती असंही नाही. पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. म्हणून केस कापण्याचं काम त्यांच्या थोरल्या बहिणीने केलं. पुढे राज्यघटना लिहिणाऱ्या माणसाचे केस गावात न्हावी असताना बहिणीला कापावे लागले.

न्हाव्याला दोष देऊन मात्र मोकळं होता येत नाही. तोही बलुतेदार. आमच्या वस्तीवर वस्तरा चालवला असता, तर वरच्या आळीने त्याला उंबऱ्यावर उभं केलं नसतं आणि सुगीचं धान्य बुडालं असतं. वस्तरा त्याच्या हातात होता, पण तो कुणाच्या डोक्यावर चालवायचा हे गाव ठरवत असे. याच समाजातल्या संत सेना न्हाव्यांनी आरसा आणि चिमटा ही आपल्या धंद्यातली साधनं अभंगात आणली. त्यांना वारकऱ्यांनी संत मानलं, गावगाड्याने मात्र त्यांच्या जातभाईंना पायरीवरच ठेवलं.

जिथे चालायला हवा तिथे वस्तरा चालत नव्हता आणि जिथे चालू नये तिथे चालवला जात होता. ब्राह्मण आणि काही इतर जातींत नवरा वारला की बाईचं केशवपन होई. ते काम न्हाव्यालाच करावं लागे. दहा-बारा वर्षांची पोर समोर बसवली तरी त्याने वस्तरा चालवायचा. १८९० साली मुंबईतल्या शेकडो नाभिकांनी एकत्र येऊन विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असं ठरवलं. यामागे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा होती. 'दीनबंधु'चे संपादक आणि गिरणी कामगारांच्या संघटनेचे संस्थापक ते हेच. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांच्या प्रयत्नांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आज रविवारी सकाळी सलूनसमोरच्या बाकड्यावर आपण नंबर लावून पेपर वाचत बसतो, तेव्हा लोखंड्यांची आठवण करायला दोन कारणं आहेत.

आता डब्यातल्या रेझरकडे वळू. उघड्या वस्तऱ्याने स्वतःची दाढी करणं सोपं नाही. त्याला सराव लागतो, निसण्यावर धार लावण्याची कला लागते. ही अडचण युरोपातही होती. अठराव्या शतकात झां-झाक पेरे या फ्रेंच कारागिराने वस्तऱ्याला लाकडी आवरण घालून पात्याची थोडीशीच धार बाहेर ठेवली. १८८० साली अमेरिकेत कांफ बंधूंनी आपल्या आडव्या रेझरचं पेटंट घेतलं. पण त्यातलंही पातं जाड होतं आणि त्याला धार लावत राहावी लागे.

किंग कँप जिलेट हा बाटल्यांची बुचं विकणारा फिरता विक्रेता. लोक वापरून फेकतील आणि पुन्हा विकत घेतील अशी वस्तू काढ, असा सल्ला त्याला मालकाने दिला होता. १८९५ साली एका सकाळी दाढी करताना त्याला वाटलं, धार फक्त कडेलाच लागते, तर मग बाकीचं जाडजूड पोलाद कशाला? कागदासारखं पातळ पातं करावं, बोथट झालं की टाकून द्यावं. इतक्या पातळ पत्र्याला धार धरत नाही असं जाणकार सांगत होते. विल्यम निकर्सन या इंजिनिअरने ते जमवायला काही वर्षं घेतली. १९०३ साली जिलेटचे विकले गेले फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने शिपायांसाठी ३५ लाख रेझर घेतले आणि लढाईवरून परतलेल्या पिढीला स्वतःची दाढी स्वतः करायची सवय लागली.

मुंबईच्या उपनगरांना हा रेझर मानवला, त्याला कारण इथलं घड्याळ. १९२५ साली हार्बर मार्गावर कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी आली, १९२८ साली पश्चिमेला बोरिवलीपर्यंत. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी इथे राहायचं आणि कोटात नोकरी करायची, असा नवा माणूस घडला. साहेबासमोर रोज गुळगुळीत हनुवटीने जायचं आणि गाडी तर मिनिटावर सुटायची. न्हाव्याची वाट पाहायला वेळ कुणाला होता? चाळीतल्या खिडकीच्या गजाला आरसा अडकवायचा, वाटीत फेस करायचा आणि दहा मिनिटांत मोकळं व्हायचं.

माझे वडील १९५३ साली कुर्ल्याच्या कारशेडमध्ये कामाला लागले. पहिल्या पगारातून त्यांनी गावी मनिऑर्डर केली आणि उरलेल्या पैशांतून हा रेझर घेतला. आईला ती उधळपट्टी वाटली. ती म्हणाली, "अहो, आधी एखादं पातेलं तरी आणायचं." वडील काही बोलले नाहीत. पुढच्या खेपेला गावी जाताना त्यांनी रेझर बरोबर नेला, आजोबांना अंगणात बसवलं आणि स्वतः त्यांची दाढी केली. रक्त आलं नाही. आजोबा कितीतरी वेळ गालावरून हात फिरवत बसले होते, असं वडील सांगत.

त्या काळची ब्लेडं साध्या पोलादाची. पुसून कोरडी केली नाहीत तर दुसऱ्या दिवशी तांबेरलेली असत. एक ब्लेड आठवडाभर पुरवायचं म्हणून वडील ते काचेच्या पेल्याला आतून चिकटवून बोटाने पुढे-मागे घासत, की धार थोडी परत येई. १९६० नंतर इंग्लंडच्या विल्किन्सन स्वोर्डने स्टेनलेसची ब्लेडं बाजारात आणली आणि हळूहळू ती जगभर पसरली. आपल्याकडे भारत, अशोक, पनामा, टोपाझ ही नावं घरोघर झाली. मुलुंडचा चेकनाका ओलांडला की ठाण्यात विद्युत मेटॅलिक्सचा कारखाना होता. तिथली सुपरमॅक्स ब्लेडं परदेशात जात. उपनगरातल्या कितीतरी घरांची चूल ब्लेडांवर पेटत होती.

आणि जुनं ब्लेड कुणी टाकत नसे. आई त्याने शिवण उसवायची, आम्ही पेन्सिलीला टोक काढायचो. लोकलमधले खिसेकापू त्याच्या अर्ध्या तुकड्यावर पोट भरायचे. गर्दीत कुणी म्हणालं "ब्लेड मारलं", की सगळ्यांचे हात आपापल्या खिशाकडे जात.

घरात रेझर आला, तरी केस कापायला न्हावी लागतोच. वडील कितीतरी दिवस वस्तीतल्याच एकाकडून केस कापून घेत. सलूनच्या दारात उभं राहून कुणी "कुठले तुम्ही?" असं विचारील, ही धास्ती मनातून जात नव्हती. कायदा मात्र त्यांच्या बाजूचा झाला होता. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत चर्चा चालू होती. दुकानांत कुणालाही भेदभावाने मज्जाव करता येणार नाही, असं कलम समोर होतं. 'दुकान' म्हणजे नेमकं काय, त्यात धोबी आणि न्हावी येतात का, असा प्रश्न निघाला. उत्तर द्यायला उभे राहिले डॉ. आंबेडकर. हा शब्द मोठ्या अर्थाने घेतला आहे, पैसे घेऊन सेवा देणारं प्रत्येक ठिकाण त्यात येतं, असा खुलासा त्यांनी केला. साताऱ्यात बहिणीच्या हाताखाली मान वाकवून बसलेला तो मुलगाच जणू उत्तर देत होता. १९५५ सालच्या अस्पृश्यता प्रतिबंधक कायद्यात तर दुकानाच्या व्याख्येत केस कापण्याच्या सलूनचा स्पष्ट उल्लेखच आला.

१९६१च्या सुमारास घाटकोपर स्टेशनजवळच्या एका केशकर्तनालयात वडील पहिल्यांदा खुर्चीत बसले. कारागिराने गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं आणि एवढंच विचारलं, "कटिंग का दाढी?" दाढी घरी करून आलेला माणूस म्हणाला, "दोन्ही." ही हकीकत त्यांनी आम्हाला किती वेळा सांगितली असेल, त्याला गणती नाही. सांगताना ते नेहमी हसत आणि शेवटी डोळे पुसत.

त्या खुर्चीतला वस्तराही पुढे बदलला. १९८६ साली भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळले. त्यानंतरच्या दशकात सलूनच्या भिंतींवर इशाऱ्याची पत्रकं लागली आणि गिऱ्हाईक "नवीन ब्लेड लावा" म्हणू लागलं. कारागीर जिलेटच्याच धाटणीचं दुधारी ब्लेड कागदातल्या कागदात मधोमध मोडतो आणि अर्धं पातं वस्तऱ्याच्या खाचेत बसवतो. न्हाव्याची गरज संपवायला निघालेलं पातं त्याच्याच हातात जाऊन बसलं. निसणा आणि चामड्याचा पट्टा मात्र गेला.

तर असा हा रेझर मी नातवाच्या हातात दिला. उकळत्या पाण्यात सोडा घालून स्वच्छ केला, नवीन ब्लेड घातलं. ते काही रुपयांत मिळतं. ब्लेड नेहमी दोन्ही बाजूंच्या बोथट टोकांनी धरायचं. दाढी आंघोळीनंतर करावी, म्हणजे केस मऊ असतात. ब्रश कोमट पाण्यात भिजवून, झटकून साबणावर फिरवायचा आणि वाटीत फेस करायचा. फेस दह्यासारखा दाट हवा, बुडबुड्यांचा नको. तो चेहऱ्यावर लावून ब्रश गोल फिरवत राहायचा. इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं.

मग रेझर. टोपी आधी गालाला टेकवायची आणि दांडा हळूहळू खाली आणायचा. पातं आणि कातडी यांत साधारण तीस अंशांचा कोन झाला की केस कापल्याचा बारीक आवाज येतो. दाबायचं अजिबात नाही. रेझरचं वजनच काम करतं. मोकळ्या हाताने कातडी ताणून धरायची, केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने आखूड आखूड हात मारायचे. मानेवर केसांचं वळण फिरतं, म्हणून आधी बोटांनी चाचपून पाहायचं. खरखर राहिली तर पुन्हा फेस लावून दुसरा हात. कोरड्या कातडीवर रेझर फिरवायचा नाही. शेवटी गार पाणी आणि ओली तुरटी. चुरचुरली, तर कुठे दाबलं गेलं ते कळतं.

पहिल्या दिवशी त्याला हनुवटीखाली दोन ठिकाणी लागलं. दोन आठवड्यांनी लागायचं थांबलं. महिन्याभरात मानेवरचं पुरळही बसलं.

एक गोष्ट मात्र मी त्याला पहिल्याच दिवशी बजावली. वापरलेलं ब्लेड केराच्या टोपलीत टाकायचं नाही. सकाळी कचरा नेणारी बाई पिशव्यांत हात घालून ओला-सुका वेगळा करते. तिच्या हातात मोजे असतातच असं नाही. आजीच्या हातातला तो वस्तरा आमच्या घराने पाहिला आहे, आमच्या टाकलेल्या पात्याने दुसऱ्या कुणाचं बोट कापायला नको. नातवाने घरातला पावडरचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, झाकणाला चीर पाडली आणि मोरीजवळच्या फळीवर ठेवला. आत्तापर्यंत त्यात अकरा ब्लेडं पडली आहेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)