गाठ आली म्हणजे लस बाधली?

भीमाकाठी वडगाव रासाईपासून दौंडपर्यंत उसाच्या जोडीला दुधाचा पैसा असतो. लाळ्या-खुरकुताची लस आली की गोठ्यागोठ्यांतून एकच आक्षेप निघतो: टोचल्या जागी गाठ येते, गाय वैरणीला तोंड लावत नाही, दूध तुटतं, तेव्हा लस बाधली. दूध काही दिवस घटतं हे खरंच, आणि रोज डेअरीला दूध घालणाऱ्याला दोन लिटरही जड जातात. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

या लशीतला विषाणू मेलेला असतो. नुसता टोचला तर शरीर त्याची फारशी दखल घेत नाही, म्हणून त्यात तेल किंवा ॲल्युमिनियमचं जेल मिसळतात. त्याने दाह होतो, पांढऱ्या पेशी धावून येतात, गाठ धरते. तिथल्या डेंड्रायटिक पेशी विषाणूचे तुकडे गिळतात. दाहाची खबर लागताच गिळणं आवरून जवळच्या लसीकाग्रंथीकडे निघतात. तिथे पोचेपर्यंत ते तुकडे त्यांच्या अंगावर मांडलेले असतात आणि सोबत सीडी-८० व सीडी-८६ हे रेणूही वाढलेले असतात. टी-पेशीला, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीला, दोन्ही एकदम दिसावे लागतात, तेव्हा ती नीट लढायला उठते.

दाहाविना तेच तुकडे दाखवले तर? राल्फ स्टाइनमन यांनी डेंड्रायटिक पेशी 1973 मध्ये ओळखल्या. 2001 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगात उंदरांच्या डेंड्रायटिक पेशींना दाह न होऊ देता प्रतिजन, म्हणजे शरीराला परका वाटणारा तुकडा, पोचवलं. टी-पेशी आधी वाढल्या, मग बहुतेक नाहीशा झाल्या. पुढे तेच प्रतिजन दाहकारक मिश्रणासह टोचलं, तरी शरीर थंडच राहिलं. ते प्रतिजन सोसायचं, असा धडा त्याने घेतला होता! माझ्या मते गाठीला दोष देणाऱ्यांना याहून चोख उत्तर नाही.

दाह दाबल्यास लशीचा परिणाम घटू शकतो, याचा पडताळा माणसांतही आहे. चेक प्रजासत्ताकात 459 बाळांवर झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लशीबरोबरच पॅरासिटामॉल सुरू केलेल्या बाळांना ताप कमी आला, पण अनेक प्रतिजनांविरुद्धची प्रतिपिंडंही कमी झाली. म्हणूनच ताप येण्याआधीच सूज उतरवणारं इंजेक्शन मागण्याला माझा विरोध आहे. ताप चढला, गाय खाईना, तर पशुवैद्याने औषध द्यावं. ती गोष्ट वेगळी.

मात्र जितका दाह जास्त तितकं बरं, असंही कुणी समजू नये. सर्व शरीरात दाह पेटला असेल तर डेंड्रायटिक पेशी आधीच पक्व होऊन बसतात आणि नवे तुकडे टी-पेशींपुढे नीट मांडत नाहीत. मलेरिया झालेल्या उंदरांत हे दिसलं आहे. आजारी, तापलेल्या जनावराला लस टोचू नये, या नियमाला यातून बळ मिळतं.

गाठींतही फरक असतो. घट्ट, फारशी न दुखणारी, हळूहळू ओसरणारी गाठ राहू द्यावी. गरम, ठणकणारी, पू धरणारी गाठ म्हणजे सुईवाटे जंतू शिरले. ती लगेच दाखवावी. आणि एकच सुई ओळीने सगळ्या गायींना टोचली जात असेल, तर मालकाने तिथेच हात धरावा.